वरच्यांचं पाणी

बेडरूमच्या भिंतीवर पहिला डाग दिसला तेव्हा आमचा धाकटा तीन महिन्यांचा होता. त्याला मांडीवर घेऊन पाजत बसले होते. समोर भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा पिवळट डाग होता. आदल्या आठवड्यात जाळी काढली तेव्हा तो नव्हता. संध्याकाळी नवऱ्याला दाखवला. तो स्टुलावर चढला, हात लावून बघितला आणि म्हणाला, "गार लागतंय. वरून येतंय."

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. एकच बेडरूम. तिच्या त्या भिंतीपलीकडे आमचं बाथरूम, आणि त्याच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावरच्यांचं. नवरा कोलशेतला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. मी ठाण्याला एका ऑफिसात होते, पण दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली. लेक तेव्हा पाच वर्षांची, सीनियर केजीत. त्यामुळे मुलं आणि घर, घरातली गळती आणि बिघाड, सगळं माझ्याच वाट्याला होतं.

डाग दोन महिन्यांत हातभर खाली आला. रंगाला फुगे आले, ते फुटले की आतून पांढरी भुकटी गळायची. मुलांची गादी त्याच भिंतीला लागून होती. ती हलवायला जागा नव्हती, कारण दुसऱ्या बाजूला कपाट आणि मधे जेमतेम दार उघडेल एवढी वाट. मी तारेच्या घासणीने भिंत खरवडायचे, फिनेलने पुसायचे, वर प्लास्टिकचा कागद चिकटवायचे. आठ दिवसांनी कागदामागून काळी बुरशी दिसायला लागायची. लेक गळून पडलेले रंगाचे पापुद्रे गोळा करून भातुकलीत पापड म्हणून वाढायची. एकदा धाकट्याच्या तोंडात तसला एक पापड सापडला. मी बोट घालून काढला आणि लेकीला पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. मला जास्त राग भिंतीचा आला होता.

सहाव्या महिन्यापासून धाकट्याची छाती वाजायला लागली. सर्दी झाली की श्वासाबरोबर मांजराच्या पोटातून यावा तसा आवाज. मुलांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, मान वर न करता कागदावर लिहीत विचारलं, "आई, घरात ओल आहे का?"

"आहे."

"काढा ती आधी. नाहीतर हे असंच चालणार."

ते वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलं. घरी वाफेचं मशीन आणलं. सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याच्या तोंडावर तो मास्क धरायचा. तो अंग ताठ करून ओरडायचा, लेक समोर फोन धरून त्याला गाडीची चित्रं दाखवायची. मशीन बंद झालं की घरात शांतता व्हायची आणि त्या शांततेत वरच्या बाथरूममधला आवाज यायचा. स्टीलच्या तांब्याने कुणीतरी सावकाश पाणी ओततंय. दिवसातून दोनदा, तीनदा. मधे काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आणि पुरुषाचा समजावणीचा सूर. शब्द कळायचे नाहीत.

वर एक काका आणि काकू राहायचे. काका एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, सत्तरीच्या आसपासचे. काकूंना चार वर्षांपूर्वी लकवा झाला होता आणि त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या आधीच खाटेवर होत्या, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. काका जिन्यात भेटायचे, हातात भाजीची पिशवी, नाहीतर औषधांची. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून पुढे जायचे.

डॉक्टरांकडून आले त्याच दिवशी मी वर गेले. काकांनी दार अर्धंच उघडलं. आतून फिनेलचा आणि त्याखाली दबलेला दुसरा कसलातरी वास आला. मी दारातूनच सांगितलं, भिंत, बुरशी, बाळाची छाती.

"बघतो, पोरी," ते म्हणाले. "आत ये की."

"नाही, बाळ एकटं आहे खाली," मी म्हटलं. धाकटा कडेवरच होता. ते माझ्या लक्षात आलं तोवर बोलून झालं होतं. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून फरशीच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरलं. दहा-बारा दिवस भिंत सुकली. मग पुन्हा ओली झाली. मी पुन्हा वर गेले. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी प्लंबर आणला. प्लंबरने वरची फरशी ठोकून बघितली, आमची भिंत बघितली आणि निकाल दिला: पूर्ण बाथरूम फोडायचं, खालचा पाइप बदलायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, वर नवीन फरशी. दहा-बारा दिवस बाथरूम बंद.

हे बोलणं जिन्यात झालं. काका पायरीवर उभे होते. ते म्हणाले, "खर्चाचं नाही काही. पण दहा दिवस हिला कुठे नेऊ? हिची पाठ रोज धुवावी लागते."

सेक्रेटरी म्हणाले, "काका, वहिनींचं बाळ आजारी पडतंय."

"माहितेय मला," काका म्हणाले.

प्लंबर हत्यारं पिशवीत भरत होता. आई त्या दिवशी कळव्याहून माझ्याकडे आलेली. घरात आल्यावर ती म्हणाली, "अगं, खुर्चीवर बसवून चौघांनी खाली आणलं तर? आपल्या बाथरूममध्ये घालतील आंघोळ. दहाच तर दिवस."

"आपल्या? लहान मुलं आहेत आई घरात," मी म्हटलं.

"मग काय झालं?"

मी भिंत पुसायचं फडकं उचललं. आईने विषय सोडला. तिच्या चेहऱ्यावर आलेली नाराजी मला दिसली होती, पण मला तेव्हा माझ्याच घरातलं दुःख सगळ्यात मोठं वाटत होतं. पुढचे तीन महिने ते काम आज होईल, उद्या होईल असं लांबत गेलं. मी रोज भिंत पुसत होते आणि जिन्यात काका दिसले की मान दुसरीकडे वळवत होते.

धाकटा अकरा महिन्यांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. सकाळी उठला तो श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. मी लेकीला शेजारी ठेवून रिक्षाने दवाखान्यात नेलं आणि त्यांनी लगेच दाखल करून घेतलं. पाच दिवस तो ऑक्सिजनची नळी लावून पडला होता. हातातली सुई हलू नये म्हणून पुठ्ठा बांधलेला. तो रडायचा तेव्हा आवाज निघायचा नाही, नुसतं तोंड उघडं दिसायचं. मी त्या पाच दिवसांत देवाचं नाव कमी घेतलं, त्या भिंतीबद्दल जास्त बोलले. नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या आजीला, फोनवर बहिणीला. ऐकणारा प्रत्येक जण म्हणायचा, वरची माणसं कशी असतात बघा. मला ते ऐकायला हवं असायचं.

सहाव्या दिवशी दुपारी घरी आलो. आई आधीच कळव्याहून येऊन बसली होती. नवरा आम्हाला सोडून तसाच कामाला गेला. मी बेडरूममध्ये गेले. भिंतीवरून पाण्याचे ओघळ येऊन गादीचा कडेचा भाग चिंब झाला होता. आणि वर तांब्याने पाणी ओतणं चालू होतं. सावकाश, एकापाठोपाठ एक.

मी धाकट्याला आईच्या हातात दिलं, नवऱ्याची पाना-पक्कडीची पिशवी उचलली आणि वर निघाले. आई म्हणाली, "त्यांच्याशी भांडू नकोस गं." मी तिसऱ्या मजल्यावर थांबलेच नाही. थेट गच्चीवर गेले. तिथे टाकीखालून प्रत्येक घराचा वेगळा पाइप निघतो, त्यावर ऑइलपेंटने घराचा नंबर आणि पाणी बंद करायचा कॉक. मी त्यांचा कॉक बंद केला. हाताने फिरेल तेवढा फिरवला आणि मग पान्याने आवळला. ऊन होतं, गच्चीत कुणाचेतरी पापड वाळत होते. मला अगदी स्वच्छ वाटत होतं, खूप दिवसांनी एखादं काम पुरं केल्यासारखं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. दुसराही काढून ठेवला आणि म्हणाला, "सकाळी उघडून ये."

"तू उघड," मी म्हटलं.

सकाळी त्याची शिफ्ट होती. तो गच्चीवर गेला नाही. मीही नाही.

काका तळमजल्यावरच्या नळावरून पाणी वर न्यायला लागले. प्लास्टिकची निळी बादली, निम्मी भरलेली. एक मजला चढले की खाली ठेवायचे. आमच्या दाराबाहेर ती बादली टेकल्याचा आवाज यायचा, मग त्यांचा श्वास, मग पुन्हा कडी उचलल्याचा आवाज. पहिल्या दिवशी मी सात खेपा मोजल्या आणि पुढे मोजणं सोडलं. लेक दाराच्या भोकातून बघायला टाचा उंच करून उभी राहायची.

"आई, आजोबा पाणी नेतायत. त्यांच्याकडे येत नाही का? आपल्याकडे येतंय ना?"

"चित्र काढ जा," मी म्हटलं.

भिंत मात्र सुकत होती. दुसऱ्या दिवशी हात लावला तर फक्त दमट लागली. मी त्या सुकणाऱ्या भिंतीकडे बघून स्वतःला समजावत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. काका होते. बादली पायाशी, सदरा पोटापर्यंत भिजलेला, पायजमा गुडघ्यांपर्यंत दुमडलेला. आत या म्हणण्याचं मला सुचलं नाही.

"काल गच्चीवर जाऊन आलो," ते म्हणाले. "कॉक बंद आहे. कोणी केला ते विचारत नाही."

मी त्यांच्या ओल्या पायांकडे बघत राहिले.

"मला फिरवता आला असता, पाना आहे माझ्याकडे. पण तुमचं पोर दवाखान्यातून आणताना खिडकीतून बघितलं मी. हाताला पट्टी होती त्याच्या." त्यांनी सदऱ्याला हात पुसले. "खडवलीला माझी पुतणी आहे. तिच्याकडे नेतो हिला, काम होईपर्यंत. सेक्रेटरींना सांगितलंय. प्लंबर सोमवारपासून येईल."

"बरं, काका," मी म्हटलं.

"कसा आहे आता?"

"बरा आहे."

ते बादली न घेताच वर गेले. दार लावल्यावर मला हायसं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं होतं. लाज त्यानंतर वाटली, आणि तीही जरा वेळाने. मी गच्चीवर जाऊन कॉक उघडला. आवळलेला होता, दोन्ही हात लावावे लागले.

रविवारी सकाळी रुग्णवाहिका आली. जिन्याच्या वळणांवरून स्ट्रेचर फिरेना, म्हणून दोन माणसांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली आणलं. आमच्या मजल्यावर ते दम घ्यायला थांबले. मी आवाज ऐकून दार उघडलं होतं, धाकटा कडेवर होता. काकूंना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. अगदी बारीक चण, पांढरे केस विंचरून घट्ट वेणी घातलेली, कपाळाला छोटी टिकली. अंगावर धुतलेला गाऊन. चार वर्षं खाटेवर असलेलं माणूस इतकं स्वच्छ असेल असं मला वाटलं नव्हतं. एक बाजू लुळी होती. दुसरा हात त्यांनी चादरीतून काढला, बाळाच्या पायाला लावला आणि काहीतरी बोलल्या. शब्द एकमेकांत मिसळलेले होते.

मी काकांकडे बघितलं.

"किती महिन्यांचा म्हणून विचारतेय," ते म्हणाले.

"अकरा पूर्ण झाले," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. पुन्हा काहीतरी बोलल्या, पण त्या माणसांनी खुर्ची उचलली आणि काका पुढे सरकून पायरी दाखवायला लागले. ते दुसरं वाक्य काय होतं ते मला कळलं नाही.

सोमवारपासून वर छिन्नी-हातोडी सुरू झाली. धूळ इतकी खाली यायची की धाकट्याची छाती परत वाजायला लागली, म्हणून मी दोन्ही मुलांना घेऊन कळव्याला आईकडे गेले. काका एक दिवसाआड खडवलीहून डोंबिवलीला यायचे, काम बघायचे, संध्याकाळी परत जायचे. पुतणीचं घर लहान, संडास-बाथरूम बाहेर अंगणात, आणि तिला पाठीचा त्रास. काका नसायचे त्या दिवशी काकूंना उचलून न्यायला कुणी नसायचं, नुसतं ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. त्यांच्या पाठीवर आधीपासून जखमा होत्या. काका रोज दोन वेळा धुऊन, कोरड्या करून, औषध लावून त्या आटोक्यात ठेवत होते. तिकडे त्या चिघळल्या. ताप चढला. तिथून मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत दोन दिवस गेले. हे सगळं मला नंतर तुकड्या-तुकड्याने कळलं.

कळव्याला आईच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं खडवली इथे निधन झालं, अंत्यविधी तिकडेच. खाली एकापाठोपाठ हात जोडल्याची चिन्हं येत होती. मी कणकेचा हात पुसला आणि मीही हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मिनिटभराने नवऱ्याचं आलं, कारखान्यातून. फोन ठेवून मी पुन्हा कणीक मळायला लागले. आईने विचारलं, "काय गं?" मी सांगितलं. ती गॅस बंद करून खाली बसली. ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर काका परत आले. मी डब्यात वरण-भात आणि भाजी घेऊन वर गेले. या वेळी ते आत ये म्हणाले नाहीत, नुसतं दार उघडं ठेवून आत वळले. मी पहिल्यांदा त्यांच्या घरात पाऊल टाकलं. हॉलमध्ये लोखंडी खाट, गादी गुंडाळून ठेवलेली. भिंतीला खिळ्यावर लटकवलेला कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत वेळापत्रक: कूस बदलणे, पाणी पाजणे, पाठ धुणे, पाय चोळणे. प्रत्येकापुढे तासांचे आकडे. चार वर्षांत तो कागद कितीदा बदलला असेल कोण जाणे. कोपरे मात्र झिजलेले होते.

"ओल थांबली का?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"छान."

मी डबा हातातच धरून उभी होते. "काका, तेव्हा कॉक मी," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"माहितेय मला." ते खाटेच्या कडेवर बसले. "राग येतो तुझा. खोटं कशाला बोलू? सकाळी उठलो की येतो. तू चार-पाच वेळा वर आलीस आणि दर वेळी दारातून गेलीस. एकदा आत येऊन तिला बघितलं असतंस, तर तुझ्या हातून ते झालं नसतं. तेवढंच मनात येतं." मग त्यांनी हात पुढे केला. "दे तो डबा. सकाळपासून खाल्लं नाही काही."

त्यांनी माझ्यासमोरच डबा उघडला आणि जेवले. मी समोरच्या स्टुलावर बसून राहिले. जेवण झाल्यावर डबा घासून, पुसून त्यांनी माझ्या हातात दिला.

आमची भिंत पूर्ण सुकली. आम्ही ती खरवडून नवीन रंग दिला, लेकीने फिका निळा निवडला. धाकट्याची छाती वाजायची मात्र थांबली नाही. पुढच्या थंडीत तो पुन्हा दाखल झाला. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. माझ्या सासऱ्यांना दमा होता हे कळल्यावर म्हणाले, "ओलीने वाढलं असेल, पण मूळ त्याच्या अंगातच आहे. ओल नसती तरी झालं असतं." नवरा माझ्याकडे बघत होता. मी पर्समधून पूर्वीचे रिपोर्ट काढत राहिले. त्या विषयावर आम्ही दोघं आजपर्यंत बोललेलो नाही.

काका अजून वरच राहतात. मी अधूनमधून डबा नेते, आत जाते, बसते. ते लेकीला पाढे शिकवतात. मला ते पोरी म्हणत नाहीत आता, अहो म्हणतात.